गाडीची खांदमळणी

नत्थुजीला वय विचारलं तर तो बैलांवरून सांगायचा. सोन्या-रतन दाव्याला आले त्या साली लगीन झालं, जुना काळ्या गेला त्या साली बायको गेली, असा त्याचा हिशेब. मूर्तिजापूरपासून चार-पाच कोसांवरच्या त्या गावात खुशालरावांची दमणी, सवारीची बैलगाडी, तोच हाकायचा. मालकीणबाईंना माहेरी पोचवायचं, जत्रेला कौंडण्यपूरला न्यायचं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, हे त्याचं काम. आणि उरलेला सगळा दिवस बैल. लोक म्हणत, नत्थुजी बायकोशी जन्मात जेवढा बोलला नसेल तेवढा एका उन्हाळ्यात बैलांशी बोलतो. खोटं नव्हतं ते.

मग मोटार आली आणि बैल गेले.

खरं सांगायचं तर खुशालरावांच्या साडूनं अमरावतीला मोटार घेतली त्याच दिवशी या बैलांचं मरण ठरलं होतं. पण नत्थुजीनं त्याचं कारण वेगळंच धरलं. आपल्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद मळतात. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्यांवर पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला जेवणाचं आमंत्रण. त्या साली नत्थुजी तापानं फणफणून पडला होता आणि खांद मळायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. पुढे महिन्याभरात उजव्या बैलाचा खांदा पिकला, तो जुवाखाली मान देईना, आणि खुशालरावांना आयतं निमित्त सापडलं. जोडी बाजारात गेली. बाजारातून म्हातारे बैल कुठे जातात हे नत्थुजीला कोणी सांगायची गरज नव्हती.

"माह्या हातानं नेम मोडला, म्हनून गेले," एवढंच तो म्हणायचा. घमेलंभर लोणी चोपडलं असतं तरी ते जाणारच होते. पण हे त्याला सांगणार कोण?

मोटार काळी होती, सेकंडहँड होती, आणि ती चालवणारा गावात एकच माणूस होता. देवमन. वस्तीतला पोरगा, मिलिटरीत ट्रक चालवून आला होता. छप्पन साली बायकोला घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. गावाला ते अजून पचलं नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा अभिमानही फार नसतो. देवमनला पगार ठरला, आणि चहा मात्र ओसरीखाली, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात.

नत्थुजीला मालकांनी गाडी पुसायला ठेवलं. पहिले काही दिवस तो गाडीकडे सवतीकडे पाहावं तसा पाहायचा. देवमननं त्याला ओढून आणलं.

"या नत्थुजी, हिचं दानापानी शिका. मी एकटा किती पाहू?"

आणि त्यानं खरोखर शिकवलं. रेडिएटरमध्ये पाणी रोज सकाळी बघायचं, पण गाडी तापलेली असताना झाकण उघडायचं नाही, नाहीतर वाफ तोंडावर येते. टायरवर हात फिरवून खिळा-काटा पाहायचा. पुढची काच आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसायची. दारं लागली का ते ओढून बघायचं. हॉर्न वाजवायचा तो रस्ता मागायला, तोरा दाखवायला नाही. आणि गाडी अंगणाबाहेर काढण्याआधी ब्रेक एकदा दाबायचा, मग पुन्हा एकदा.

"बैल लंगडला त दिसते," देवमन म्हणायचा. "गाडी लंगडली त दिसत नाही. मानूस मरते तवा समजते."

एकदा त्यानं चाक उतरवून आतली लोखंडी थाळी दाखवली. तिला तो डरम म्हणायचा.

"हे चाकासंगं फिरते. ब्रेक दाबला का हा पट्टा अंदरून याले घासते. घासलं का गाडी थांबते. बस, एवढाच ब्रेक."

"घासून घासून दुखत असन नाई हिले?" नत्थुजीनं विचारलं.

देवमन खूप हसला. "दुखते ना. म्हनून त मी पाहून राह्यलो." हे सगळं कोरडंठाक राहिलं पाहिजे, एवढं सांगायचं तेवढं राहून गेलं. ब्रेकचं काम देवमन दुसऱ्याच्या हाती देतच नव्हता, मग सांगायची वेळ कुठे येणार?

दोघांचं जमलं मात्र. नत्थुजीला मूलबाळ नव्हतं. देवमनची मुलगी रुख्मिणी अंगणात येऊन गाडीच्या काचेत तोंड बघायची आणि नत्थुजी तिला उचलून हॉर्न वाजवू द्यायचा. तोऱ्याचा नियम तेवढ्यापुरता बाजूला. देवमनला एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो बोलून दाखवायचा. "माह्या हातून आजलोग कुत्रंबी नाई मेलं, नत्थुजी. गावानं मले काहीबी म्हनो. हात माहा साफ आहे."

असं वर्ष सरलं आणि पोळा आला.

त्या पावसाळ्यात रस्ते म्हणजे नुसता काळा चिखल. पोळ्याच्या दिवशी जावईबापू स्टेशनवर उतरणार होते, म्हणून आदल्या दुपारी देवमननं गाडी दगडांवर चढवली, चारही चाकं उतरवली, डरम काढले, आतला चिखल खरवडून पट्टे पुसून घेतले. काम उरकत आलं तोच पंचफुलाचा, त्याच्या बायकोचा, निरोप आला की पोरीला ताप भरला आहे. दिवस मावळतीला आला होता.

"नत्थुजी, यावर पोते झाकून ठेवा. सकाळी येऊन बंद करतो."

"जाय तू. आज खांदमळनी आहे, मी इथंच आहो."

देवमन हात पुसत थांबला. रिकाम्या दाव्यांकडे बघून म्हणाला, "कोनाची खांद मळता आता?" मग स्वतःच हसला. "तुमच्याकडं बैलालेबी जेवाचं आवतन भेटते बरं, नत्थुजी. पुढच्या साली गाडीलेबी देसान. डायवरले कोन देते?"

नत्थुजीनं ते हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेण्याशिवाय तो काय करणार होता? मालकाच्या घरचं आमंत्रण देणं त्याच्या हातात नव्हतं, आणि हातात असतं तरी त्यानं दिलं असतं की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

देवमन गेला आणि नत्थुजी पोती घेऊन गाडीपाशी बसला. आत नजर गेली तर डरम उघडे पडलेले. आतून चकचकीत, आणि त्या चकाकीत गोल गोल चरे. त्यानं बोट फिरवलं. सोललेला खांदा हाताला लागावा तसंच लागलं त्याला. वर्षभर हिनं वाहिलं, इथे घासली गेली, आणि आज पोळ्याची आदली संध्याकाळ. एकदा नेम मोडून तो सगळं गमावून बसला होता. दुसऱ्यांदा मोडायची त्याची छाती नव्हती.

तो मागच्या दाराशी गेला. मालकीणबाई आशाबाई नैवेद्याच्या तयारीत होत्या.

"वयनीबाई, वाटीभर लोनी-हळद पाह्यजे व्हती. गाडीची खांद मळतो."

आशाबाईंना केवढं बरं वाटलं! दारातून बैल गेल्यापासून पोळा कसा साजरा करावा हा त्यांना घोरच लागला होता. त्यांनी वाटी नव्हे, गडवाभर लोणी दिलं. "चांगलं चोपड बावा, कंजूसी नोको करू."

नत्थुजीनं कंजूषी केली नाही. पळसाच्या पानानं चारही डरम आतून मळले, पट्ट्यांनाही लावलं. फार दिवसांनी त्याचे हात असे चालत होते. मळता मळता तो तिच्याशी बोलला, पहिल्यांदाच. शेवटी बॉनेटजवळ वाकून म्हणाला, "आज आवतन घे माय, उद्या जेवाले ये." मग देवमनचं काम वाचावं म्हणून डरम बसवले, चाकं चढवली, शिकवल्याप्रमाणे समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले आणि गाडी दगडांवरून उतरवली. त्या संध्याकाळी तो सुखात जेवला.

सकाळी देवमन आला तो जागरणानं तांबारलेले डोळे घेऊन. पोरीचा ताप उतरला नव्हता. चाकं चढलेली बघून तो चकित झाला.

"बंदबी करून टाकलं?"

"मंग! तुह्यापाशीच शिकलो ना."

देवमननं प्रत्येक नट पान्यानं तपासला. एकही ढिला निघाला नाही. ब्रेक दाबला, पायाला घट्ट लागला. अंगणात गाडी चार हात पुढे घेऊन थांबवली, तर ती जराशी सरकून थांबली. त्याच्या कपाळाला आठी पडली. "पट्टे ओले झाले वाटते रातच्या पान्यानं. दोन-चार खेपा दाबले का सुकतीन." डोकं पोरीपाशी नसतं तर त्यानं चाक पुन्हा उघडलं असतं, आणि आगगाडीच्या वेळेची घाई नसती तरी उघडलं असतं. आशाबाई नारळ घेऊन आल्या. "पोळ्याचा दिवस हाय, फोड गाडीपुढं." देवमननं मान खाली घालून सांगितलं, "मी नाई फोडत, बाई. तुमी फोडा." त्यांनी नारळ तसाच आत नेला आणि तोंड वाकडं केलं. नत्थुजी जावईबापूंच्या सामानासाठी म्हणून देवमनच्या शेजारी बसला.

सपाट रस्त्यावर देवमन मधून मधून ब्रेक दाबत राहिला. पट्टे सुकवायची ती रीतच. घासून ऊन झाले की पाणी उडून जातं. पाणी असतं तर उडालंही असतं.

नाल्याचा उतार लागायच्या जरा अलीकडे देवमननं नाक वर केलं.

"वास येऊन राह्यला का तुमाले? तूप कढवल्यावानी."

आजूबाजूला नुसती कपाशी. घर नाही, चूल नाही.

नत्थुजीला तो वास कधीचा येत होता, आणि त्याला आनंदही झाला होता. "तिचाच हाय तो," तो म्हणाला. "रातीले खांद मळली मी तिची. घरचं लोनी."

देवमननं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"कोठं लावलं?"

"अंदरून. जेथं घासते तेथं."

आयुष्यभर नत्थुजी त्या नजरेत राग शोधत राहिला. राग नव्हता. देवमननं ब्रेक दाबला, पाय खालपर्यंत गेला नाही, घट्टच लागला, आणि गाडी मात्र होती तशी चालत राहिली. त्यानं हातब्रेक ओढला. तोही त्याच पट्ट्यांचा, त्याच लोण्यातला. गियर खाली टाकला तशी गाडी किंचाळली, पण तोवर उतार लागला होता.

"दाराची कडी धरा, नत्थुजी," एवढंच तो म्हणाला.

खाली नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या फरशीवर, पोळ्याचे बैल धुवायला आणले होते. अख्खं गावच म्हणा ना. शिंगं रंगवलेली, माणसं गुडघाभर पाण्यात, बैलांच्या अंगावर पाणी उडवणारी. देवमननं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. लोकांनी माना वर केल्या आणि कोणीतरी हसून हातही हलवला. पोळ्याच्या दिवशी मोटारवाला तोरा दाखवतो आहे असंच त्यांना वाटलं. त्यांना बाजूला व्हायला वेळ नव्हता. एका बाजूला माणसं-बैल, दुसऱ्या बाजूला बाभळी आणि खालचा दगडी खड्डा. देवमननं चाक बाभळींकडे वळवलं.

नत्थुजी दारातून बाहेर फेकला गेला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. देवमन गाडीतच राहिला. माणूस गेला होता आणि बैलांपैकी एकालाही ओरखडा नव्हता.

नत्थुजी अकोल्याच्या दवाखान्यात पडून होता तेवढ्यात गावानं सगळा न्याय करून टाकला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोळ्याच्या दिवशी नारळ फोडायला नाही म्हणाला, देव सोडले, मग देव सोडतो का? रात्रभर पिऊन होता, डोळे बघितले नव्हते का सकाळी? ज्यांचे बैल त्यानं वाचवले त्यांच्याच तोंडी हे आलं. त्यांना तसं वाटून घेणं सोपं होतं. आपल्या बैलासाठी वस्तीतला माणूस मेला हे मनात वागवणं अवघड.

खुशालराव दवाखान्यात आले तेव्हा नत्थुजीनं खाटेवरूनच त्यांचा हात धरला. "मालक, देवमनचा दोष नाई. म्या ब्रेकले लोनी लावलं. देवानं नाई मारलं, लोन्यानं मारलं."

खुशालरावांनी हात सोडवून घेतला. "डोक्याले मार बसला तुह्या. लोन्यानं कोनी मरते का बावा? झोप तू." बाहेर जाताना दारात थांबून ते हळूच म्हणाले, "आनखी कोनाजवळ बोलू नोको असं. घरच्या लक्ष्मीचा हात व्हता त्या लोन्याले." तोवर मोडकी गाडी भंगारात गेलीही होती. तपासायला काही उरलं नव्हतं.

काठी टेकत चालता यायला लागल्यावर नत्थुजी एक दिवस वस्तीत गेला. जन्मात त्या बाजूला त्याचं पाऊल पडलं नव्हतं. पंचफुला सामान बांधत होती. भावाकडे अकोल्याला निघाली होती. रुख्मिणी तापातून उठून नुसत्या काडीसारखी झाली होती. नत्थुजीनं दाराबाहेर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पंचफुला ऐकत गाठी मारत राहिली.

"हे तुमी मले काहून सांगून राह्यले? गावाले सांगा."

"सांगतलं, बाई. चावडीत सांगतलं, देवळापाशी सांगतलं. म्हातारचळ म्हनतेत."

"मंग मी काय करू?"

 मग तिनं गाठोडं बाजूला सारलं. "मराच्या आंधी त्यायनं शिवी देल्ली का तुमाले?"

"नाई."

"देयाले पाह्यजे व्हती," ती म्हणाली आणि पहिल्यांदा रडली. पोरगी नत्थुजीकडे बघत होती. तिला उचलायला त्याचे हात पुढे झाले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं मायलेकी गेल्या.

वर्ष गेलं. खुशालरावांनी जीप घेतली, अकोटचा चंद्रभान नावाचा ड्रायव्हर ठेवला. चांगला पोरगा होता, कामाचा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आशाबाई स्वतः अंगणात लोणी-हळदीचा गडवा घेऊन आल्या.

"गेल्या साली नेम मोडला, म्हनून तसं झालं. यंदा नीट मळा."

"मोडला नव्हता, वयनीबाई," नत्थुजी म्हणाला. "तुमीच त लोनी देल्लं मले."

"देल्लं खरं. त्यानं लावू देल्लं नसन तुले," आशाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. वर्षभरात त्यांना ते खरंच तसं आठवायला लागलं होतं.

त्या आत गेल्यावर नत्थुजीनं चंद्रभानचं मनगट धरलं. "चाकाच्या आत नोको लावू. पाया पडतो."

"येडे झाले का तुमी? ब्रेक जाईन ना सारा," चंद्रभान म्हणाला आणि थोडं लोणी बॉनेटवर फासायला लागला. "वर लावतो, त्यायलेबी बरं वाटते."

नत्थुजी काठी टेकत पुढे सरकला. वर्षभरात पहिला माणूस भेटला होता ज्याला हे ठाऊक होतं. "मंग हे लोकाइले सांग बापा. तू डायवर आहेस, तुहं ऐकतीन. लोन्यानं ब्रेक जाते एवढंच सांग. त्याच्या नावावरचं पाप जाईन."

चंद्रभानचा हात थांबला. त्यानं एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, मग नत्थुजीकडे. त्याला सगळं कळलं होतं.

"मले इथं नोकरी करा लागते, नत्थुजी," तो हळू आवाजात म्हणाला आणि उरलेलं लोणी बॉनेटवर सारखं करू लागला.

खुशालराव बाहेर आले, मागून सगळं घर आलं. पिवळंधमक बॉनेट बघून आशाबाईंना समाधान वाटलं. "असा पाह्यजे डायवर," त्या म्हणाल्या. आता आवतण द्यायचं राहिलं होतं, आणि ते नेहमी नत्थुजीनंच द्यायचं. सगळे थांबले.

नत्थुजी वाकला. मोडक्या मांडीमुळे त्याला नीट वाकता येत नव्हतं. ओसरीखाली कोनाड्यात देवमनचा कप अजून होता, आता चंद्रभानला घरातला मिळायचा. नत्थुजीची नजर तिकडेच लागून राहिली.

"म्हन ना बावा," खुशालराव म्हणाले.

"आज आवतन घ्या," नत्थुजी त्या कपाकडे बघत म्हणाला, "उद्या जेवाले या."

सगळ्यांनी हात जोडले आणि आत जाऊन पुरणाच्या तयारीला लागले.